मौनीबाबाची मुलाखत
माझ्या आणि शेजारच्या खोलीमध्ये विटांची एकच ओळ. पलीकडचं भांडण ऐकायला कान लावावे लागत नसत, उलट झाकायला हात पुरत नसत. त्या नवराबायकोचं पहिलं भांडण ऐकलं त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. ऐकलं म्हणजे तिचंच.

"अहो, मी लग्न माणसाशी केलंय की खांबाशी? हात कसले नाचवताय? तोंडाला कुलूप घातलंय का?"

त्याचा आवाज नाहीच.

तो कापडाच्या कारखान्यात मागावर होता. शंभर माग एकदम खडखडू लागले की शेजारच्याची बोंबसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून ती माणसं हातांनी बोलत. दोन बोटं जोडून सोडली की धागा तुटला, मनगटावर टिचकी मारली की सुटायला वेळ किती. अठ्ठावीस वर्षांत ती खोड अंगात मुरली. गल्लीने त्याला मौनीबाबा करून टाकलं.

गेल्या वर्षी कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले. चोपन्न वर्षांच्या माणसाला कोण विचारतो? सहा ठिकाणी नन्नाचा पाढा. बायकोच्या भावाचा निरोप आला, "इकडेच या, मागची पडवी रिकामी आहे." ती म्हणाली, "म्हणजे मरेपर्यंत भावजयीचं तोंड बघायचं."

मग त्यांच्या लेकीने एका कापडाच्या गोदामात अर्ज टाकला. आलेला माल तपासायचा, खोट काढायची. साहेब मंगळवारी अकराला फोनवरच मुलाखत घेणार होते. हे हुकलं की पडवी.

लेकीने मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून दिले आणि सरावासाठी साहेब केलं मला! मी दुसरी पास. खुर्चीत ताठ बसले नि माझ्या खोलीतून फोन लावला.

"कामाचा अनुभव किती वर्षं?"

चिडीचूप. उठून बघते तर हा एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताची बोटं उघडझाप करतोय.

"अरे बाबा, फोनमधून बोटं जात नाहीत!"

"सांगितलं की, आजी," तो म्हणाला. अगदी मनापासून.

उपाय मीच काढला. मोकळ्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचा. हात हलला की पाणी मांडीवर. पहिल्या दिवशी दोनदा पायजमा बदलावा लागला. चौथ्या दिवशी थेंब सांडला नाही आणि गडी पोपटासारखा बोलू लागला. बायको म्हणाली, "आजी, ही युक्ती आधी सांगायची होती. लग्नातच पेला धरायला दिला असता."

मंगळवारी त्याची बायको आणि मी दारात उभ्या. कुजबुज ऐकू जायला नको म्हणून तोंडाला पदर. त्याला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. नाव, वय, अनुभव, सगळं नीट झालं. मग साहेबांनी कागदावर नसलेलं विचारलं.

"कापडातली खोट कशी ओळखता?"

त्याचा चेहरा उजळला. पेला त्याने अलगद खाली ठेवला. हवेत कापड धरलं, खिडकीकडे तिरकं केलं, अंगठा काठापासून सरकवत आणला, एका जागी थांबला आणि नखाने बारीकसा धागा उचलला. इतकं सुरेख उत्तर मी जन्मात पाहिलं नाही.

"हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?"

त्याने मान डोलावली.

"अरे, बोल!" मी ओरडले, तोवर फोन बंद. परत लावला तर कोणी मुलगी म्हणाली, कळवू. तीन दिवसांनी कळवलं. जागा भरली.

"मी बरोबर सांगितलं होतं ना, आजी?"

"बरोबर होतं रे," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या शुक्रवारी टेम्पो आला. दोन ट्रंका, गाद्या, भांड्यांचं पोतं चढलं. बायको सुजलेल्या डोळ्यांनी ड्रायव्हरशेजारी बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कावला, आणि हा गायब. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या देतात. ती रांग माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, अकरा वर्षं तोच आणून द्यायचा. पाऊण तासाने धापा टाकत आला.

"सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. उपाशीपोटी घेऊ नका," असं दर शुक्रवारसारखं बजावलं, पुडी खिडकीत ठेवली आणि जिना उतरून गेला.