पुढचे चार दात

अंबाडी नाक्यावरच्या डॉक्टरनं सांगितलं, पुढचे चार दात काढावे लागतील, आणि आपली क्लॅरिनेट आता महिन्याभराचीच, हे लडकूला कळून चुकलं. चाळीस वर्षं हा माणूस वळ गावातल्या आणि आसपासच्या हळदींत वाजवत आला होता. तोंडात क्लॅरिनेट, ती खाली ठेवली की मांडीवर बेंजो, आणि पायाखाली कापडाच्या लूमच्या भंगारातले लाकडी धोटे बांधून स्वतःच बनवलेलं ठेक्याचं वाद्य. एकच चाल त्यानं दोनदा सारखी वाजवली नाही. पण रेकॉर्डिंग म्हणाल तर एकही नव्हतं.

म्हणून २००४ साली त्यानं नारपोलीच्या विपुलला गाठलं. विपुल गाण्यांच्या सीड्या काढायचा. तो म्हणाला, स्टुडिओत या. लडकू हट्टाला पेटला.

"समोर मानसं नसली तं माझा हात चालत न्हाय."

काळूरामशेठच्या मुलाची, भाविकची हळद जवळ आली होती; तिथंच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. जमिनी गोदामांना देऊन शेठ झालेला काळूराम म्हणजे लडकूचा लहानपणचा दोस्त. लडकूनं बिदागी नको म्हटलं, फक्त एक अट घातली: मी वाजवत असताना माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारायची नाहीत.

"दिला शब्द," काळूराम म्हणाला.

त्या संध्याकाळी लडकूनं कमाल केली. धवल्यांची, म्हणजे लग्नात बायका गातात त्या गाण्यांची जुनी चाल उचलली, उलटीपालटी केली, मोडली आणि पार वरच्या सुरावर नेऊन ठेवली. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. नेमक्या तेव्हाच दारात गाड्या लागल्या. इकडं हळदीला आलेल्या माणसाचं नाव पुकारलं नाही, तर तो जेवायलासुद्धा थांबत नाही. काळूरामनं स्वतः माइक ओढला.

"हिरामणशेठ यांचं आगमन झालेलं आहे, सहर्ष स्वागत!"

मग एकामागून एक नावं सुरूच. शब्द गेला चुलीत. लडकू डोळे मिटून वाजवत राहिला, छाती फुटेस्तोवर.

विपुलनं लडकूसमोरचा आणि पुकारायचा असे दोन्ही माइक एकत्रच रेकॉर्ड केले होते. "काका, आता आवाज येगला न्हाय होत," तो म्हणाला. पुन्हा वाजवायचं, तर तोवर दात काढून झाले होते.

सीडी मात्र धडाक्यात खपली. ज्याला त्याला आपलं नाव ऐकायचं होतं.

एकदा काळूरामनं लडकूला ओट्यावर बसवून ती लावली. वरचा सूर आला, आणि त्याच्या उरावर शेठचा आवाज. काळूरामनं रिमोट दाबून तीच जागा पुन्हा लावली.

"लडकू, तुझ्यामुलं आमची नावां कायमची रेली बघ!"

लडकूनं त्याला आईवरून शिवी हासडली. पुढच्या दातांच्या खिंडीतून शब्दांऐवजी नुसतीच हवा गेली. काळूरामला वाटलं, गडी खूश होऊन हसतोय, म्हणून त्यानं आवाज आणखी वाढवला.