दोष हाताचा नव्हता

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात होतो. वरात निघायची होती आणि मी कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून त्याचं लॉक फिरवत होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. "काका, डॉक्टरकाका गेले…" एवढंच बोलला. मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो आणि सगळ्या वरातीचे फोटो काढले. नवरीच्या मामानं पाठीवर थाप मारून "काम म्हंजे काम" असं कौतुकही केलं. मला ती थाप अजून टोचते.

पणदऱ्याला त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे सतरंजीवर बसलो होतो. वंदना झाली आणि मग भाषणं सुरू झाली. त्याच्या पशुसंवर्धन खात्यातले एक निवृत्त साहेब उभे राहिले. म्हणाले, "डॉक्टर अत्यंत शांत स्वभावाचे होते. आजारानं हात थरथरू लागले, हातांनी साथ सोडली, म्हणून कीटकांच्या फोटोंचा छंद त्यांना सोडावा लागला. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि त्याच क्षणी माझ्या अंगाची आग झाली. शांत? मिलिंद? गाय उशिरा आणणाऱ्याला दवाखान्याच्या दारात उभा करून "तीन दिस देवऋषाकडं हिंडलास आन् माझ्याकडं आता आलास व्हय? आता तिला काय मंतर मारू?" म्हणणारा माणूस शांत? माणूस मेला की त्याच्या जिभेवर साखर का पेरतात लोक, कळत नाही. आणि तक्रार तर त्यानं केली होती. पुन्हा पुन्हा केली होती. माझ्याकडे. हातांनी साथ सोडली हे वाक्यही त्या साहेबांचं नव्हतं. ते बारामतीत, स्टँडजवळच्या माझ्या फोटोच्या दुकानात, काउंटरवर जन्मलं होतं. माझ्या तोंडून.

मिलिंद जनावरांचा डॉक्टर. नोकरी बहुतेक इंदापूर तालुक्यात, घर पणदऱ्याला. आमच्या घरी अजून मेंढरं होती तेव्हा एक मेंढी अडली होती, आणि हा नवाच नोकरीला लागलेला पोरगा बाह्या सारून बसला. माझे वडील कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते. कोकरू बाहेर आल्यावर त्याच्या हाताकडे बघून म्हणाले, "हात हाय गड्या तुला." तिथून आमची दोस्ती. पुढं मेंढरं गेली, मी लग्नांचे फोटो काढू लागलो, आणि त्यानं माझ्याकडून पहिला कॅमेरा घेतला तो गोचिडाचा फोटो काढायला. शेतकऱ्यांना सांगून पटत नाही, म्हणाला, गोचिडाचं तोंड एवढं मोठं करून दाखवतो. दाखवलंही. त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत, इतरांकडे देवादिक असतात तिथं, शेणकिडा, माशीचा डोळा, उसावरचा मावा असे फोटो लागले. सुनंदावहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत हाय. तिथं गोचिडाला जागा पुरली न्हाय म्हणून."

मग तो आजार आला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा हात. त्यानं नोकरी सोडली. कॅमेरा सोडला नाही, आणि त्याचं कारण त्यानंच मला समजावलं होतं, माझा धंदा असून. किड्याच्या इतकं जवळ गेलं की हाताचा जरासा कंप म्हणजे फोटोत भूकंप. पण फ्लॅशचा उजेड इतका झटक्यात येऊन जातो की तेवढ्यात हाताला हलायला वेळच मिळत नाही. "बाळ्या," तो म्हणाला, "उजेड माझ्या रोगापेक्षा चपळ हाय. हाताला थरथरू दे की! फ्लॅश हाय तवर मी डॉक्टर हाय." म्हणजे त्याच्यासाठी फ्लॅश ही हौस नव्हती. पांगळ्याला काठी असते, तसा होता तो.

जुना कॅमेरा जड व्हायला लागला, म्हणून मीच त्याला एक नवा, हलका पुण्याहून थेट त्याच्या घरी मागवून दिला. जुना फ्लॅश त्याच्यावर चालेना, तेव्हा त्याला चालणारा नवा फ्लॅशही मागवला. आणि मग मी जे केलं, ते आमच्या धंद्यातला कुणीही डोळे मिटून करतो. फ्लॅशच्या पायाला खाली पितळी ठिपके असतात. मधला मोठा, बाजूचे बारीक. मधला फक्त 'पेट' म्हणून सांगतो. बारीक ठिपक्यांतून कॅमेरा फ्लॅशला अक्कल शिकवतो. आम्हा लग्नवाल्यांना ती अक्कल नको असते, कारण पांढरा शालू नि काळा कोट दिसला की ती गडबडते. म्हणून आम्ही बारीक ठिपक्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावतो आणि मधला उघडा ठेवतो. मग कुठलाही फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्यावर निमूट चालतो. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी दहाजणांना शिकवलं. मिलिंदच्या नव्याकोऱ्या फ्लॅशला मी प्रेमानं पट्टी लावली. वर सांगितलं, "काढू नकोस."

फ्लॅश लागेना. त्यानं फोन केला. मी म्हणालो, सेल बदल. त्यानं बदलले. पुन्हा फोन. मी म्हणालो, कॅमेऱ्यातला आवाज बंद करायचा पर्याय चालू असेल तर फ्लॅश लागत नाही, तो बघ. त्यानं बघितलं. मग एकदा विचारलं, "बाळ्या, ही पट्टी काढून बघू का?" मी म्हणालो, "अजिबात नको. धंदा माझा हाय का तुझा?" तो हसला. "तू लावलीस म्हंजे बरोबर आसंल."

शेवटी एसटीनं आला दुकानात. लग्नसराई होती आणि काउंटरवर गर्दी. त्यानं पिशवी ठेवली, थरथरत्या हातानं फ्लॅश काढून माझ्या हातात दिला. मी तो माझ्या कॅमेऱ्यावर चढवला आणि बटण दाबलं. लख्ख! "बघ," मी म्हणालो, "लागतोय की. तुझ्या हाताला नीट बसत न्हाय त्यो. लॉक पुरतं फिरत न्हाय तुझ्याच्यानं." सगळी गर्दी त्याच्या हाताकडे बघायला लागली. त्याचा कॅमेरा पिशवीतच होता. मी तो बाहेरसुद्धा काढला नाही… मिलिंद शिवी देईल असं मला वाटलं. त्यानं दिली नाही. फ्लॅश परत घेतला, बराच वेळ पिशवीची चेन लावत बसला, आणि म्हणाला, "आसंल बाबा. हाताचंच आसंल." जन्मभर भांडणारा माणूस त्या दिवशी भांडला नाही. लोक ज्याला त्याचा शांत स्वभाव म्हणतात, तो तिथं सुरू झाला.

त्यानंतर त्यानं कॅमेरा काढला नाही. मीही विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खिडकीच्या चौकटीवर एक कुंभारीण माशी मातीचं मडकं घडवत होती. वर्षानुवर्षं तिचा फोटो काढायची त्याची इच्छा होती. तोंडात चिखलाचा गोळा घेऊन ती येते आणि पायांनी काठ वळवते, तो क्षण. खुर्चीपासून हातभर अंतरावर ती काम करत होती आणि तो नुसता बघत बसला होता. मला म्हणाला, "हिचा हात बघ कसा चालतोय." मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

कार्यक्रमानंतर माणसं पांगली. वहिनींनी ती पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. "बघा भावजी, कुणाच्या कामी येतंय का." मी पहिल्यांदा त्याचा कॅमेरा हातात घेतला. फ्लॅश चढवला. माझ्या हातानं, माझ्या धडधाकट हातानं, लॉक खटकन फिरवलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. फ्लॅश काढून मी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच बघितली. माझ्या कॅमेऱ्याला असतो तो मधला ठिपका तिथं नव्हताच. कंपनीनं तो काढूनच टाकला होता. जे काही सांगायचं ते बाजूच्या बारीक ठिपक्यांतूनच. आणि नेमके तेच मी पट्टीनं झाकून ठेवले होते.

परवा ज्याच्याकडून कॅमेरा मागवला त्या पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो, "स्वस्त मॉडेलला आता असंच येतं सर, माहितीत असतं की लिहिलेलं." कुठं असतं? कुठल्या पानावर, कुठल्या बारीक अक्षरात? एवढासा पितळेचा तुकडा वाचवून काय मिळवलं तुम्ही? जुने फ्लॅश निकामी व्हावेत आणि लोकांनी नवे घ्यावेत, एवढंच ना? त्याच्यावर मी फोनवर इतका ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक उठून गेलं. पण ओरडताना कळत होतं की यातला अर्धा राग चुकीच्या पत्त्यावर चाललाय. ठिपका कंपनीनं काढला. हाताला नाव मी ठेवलं. ज्या हाताला माझ्या बापानं हात म्हटलं, त्या हाताला मी चारचौघांत नाव ठेवलं, आणि त्या साहेबांनी माझं ते वाक्य त्याच्या फोटोपुढे, मेणबत्तीच्या उजेडात बोलून दाखवलं. तेव्हा उठून "खोटं आहे" म्हणायला हवं होतं. ते आज म्हणतोय. त्या कार्यक्रमाला जे होते, त्यांनी कृपा करून हे वाचावं.

कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळीच मी नखानं पट्टी सोलून काढली होती. मडकं अजून चौकटीवर होतं, भोक पडून रिकामं झालेलं. कॅमेरा त्याच्यावर धरला तर माझेच हात लटलट कापत होते. कोपर टेकवायला जागा नव्हती. तसंच दाबलं. खोली लख्ख झाली. वहिनी आतून धावत आल्या. "लागला?"

"लागला, वहिनी."

मी फोटो त्यांच्यापुढे धरला. मडक्याच्या काठावर माशीच्या पायांनी ओढलेली एकेक रेघ दिसत होती. त्यांनी आधी फोटो बघितला, मग माझ्या हाताकडे. तो अजून थरथरतच होता.

"म्हंजे ह्यांचा हात…" त्या म्हणाल्या.

कॅमेरा मी नेला नाही. फ्लॅश चढवून तो त्याच्या खुर्चीवर ठेवून आलो. वहिनी घर झाडतात, खिडकीही पुसतात. पण चौकटीच्या त्या कोपऱ्यापाशी आलं की त्यांचं फडकं मडक्याला वळसा घालून पुढं जातं.