एकाच डब्यातल्या गोळ्या

२०१४, फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळ. जागा: मस्कतमधल्या रुवीतला आमचा हॉल. हजर: मी, आमचे हे, ओळखीच्या डॉक्टरीणबाई आणि खालच्या मजल्यावर एका खोलीत राहणारे कोकणातले पाच कामगार. सहावा, प्लंबर, जिन्यातच थांबला होता.

दवाखाना कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण जात कुणी नव्हतं. जो रजेवरून परत येई तो गावाहून खोलीसाठी गोळ्या आणी. त्या एका डब्यात पडत. चक्कर आली की डबा उघडायचा. म्हणून मी तपासणी आमच्याकडेच ठेवली, वर कांदेपोहे.

"माका काय एक झाला नाय, वहिनी," प्लंबर बाहेरूनच म्हणाला.

"बिर्याणीक पयलो, डॉक्टराक शेवटचो!" त्याच्याच खोलीतला सुतार आतून ओरडला. हशा झाला, तेव्हा कुठे तो लंगडत आत आला.

साखर भलतीच वाढलेली. बाईंनी मोजा काढायला लावला. अंगठ्याला चिघळलेली जखम. "गोळी कुठली घेता?" त्याने डब्यातली दाखवली. ती होती सुताराची, रक्तदाबाची. सुताराला तिने उतार पडला, म्हणून हाही घेत होता.

"आजच हॉस्पिटलात गेलात तर अंगठा वाचेल," बाई म्हणाल्या.

तो उठून दाराकडे निघाला. "अर्बाबाक कळला तर माका गावाक धाडतलो."

अर्बाब म्हणजे त्याचा ओमानी मालक. तर्क करत बसण्यापेक्षा विचारलेलं बरं. नंबर घेतला, स्पीकर लावला, सगळं सांगितलं.

"मुझे पहले क्यों नहीं बोला?" अर्बाब कडाडला. "यल्ला, चलो हॉस्पिटल! काम बाद में."

प्लंबर दारातून मागे फिरला आणि मोजा चढवू लागला. ह्यांनी गाडी काढली.

अंगठा वाचला. पुढच्या शुक्रवारी सुतार आणखी दोघांना घेऊन आपणहून दवाखान्यात गेला. अर्बाबाने प्लंबरची जागा राखून ठेवली, पण सेफ्टी शूजशिवाय साइटवर सोडत नाहीत आणि पट्टीमुळे त्याचे शूज पायात जाईनात. रुवीतली दुकानं पालथी घातली. रुंद पंजाचा जोड मिळाला नाही. मस्कतच्याच अल् खुवैर भागातली दुकानं बघायची राहिली होती.