चौऱ्याहत्तर गुणांची दोन इस्पितळं

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीत कुणाच्या पोटात दुखलं, तर तो आधी दत्तात्रय सबनिसांकडे येई आणि मग डॉक्टरकडे जाई. सबनीस काही डॉक्टर नव्हते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली हलवून, म्हणजे बहुतेक वेळा थोपवून, ते निवृत्त झाले होते. मग रिकामपणी त्यांनी आसपासच्या चौदा इस्पितळांचा तुलनात्मक तक्ता केला. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, बरं का! स्वच्छता, पार्किंग, लिफ्ट, कँटीनचा चहा आणि रिसेप्शनवरची वागणूक, प्रत्येकी वीस गुण. माणूस तिथे बरा होतो का, हा रकाना तेवढा राहून गेला होता. पण तो कुणी मागितलाही नव्हता.

एका रविवारी दुपारी वांग्याच्या भरतावर आडवा हात मारून सबनीस उठले आणि लगेच पुन्हा बसले. छातीवर लोखंडी कपाट ठेवल्यासारखं वाटत होतं. डावा हात दुखत होता. बनियन घामानं भिजलं.

"अहो, काय होतंय?" कुमुदताई धावत आल्या.

"पित्त. वांगी जून होती."

"वांग्यानं हात दुखतो?"

सबनिसांनाही ते पटेना. आपण मरणार की काय, ही शंका त्यांना पहिल्यांदाच आली. त्यांनी चष्मा मागवला आणि तक्ता उघडला.

"दोन इस्पितळांना चौऱ्याहत्तर-चौऱ्याहत्तर आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "चहा इथला बरा, पार्किंग तिथलं."

"तुम्ही गाडी चालवणार आहात का आता?"

"शिवाय सरकारकडून बिल मिळायला सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी लागेल. आज रविवार. उद्या नऊला उघडतो."

"अहो, इमर्जन्सीला चिठ्ठी लागत नाही, हे तुम्हीच अख्ख्या सोसायटीला सांगत फिरता ना?"

"दुसऱ्यांना सांगणं वेगळं! आपली केस असली की कागद पक्के हवेत."

"आणि उद्या चिठ्ठीच्या रांगेत कोण उभं राहणार? मी एकटी?"

कुमुदताईंनी त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी ११२ लावला, काय होतंय ते सांगितलं, पत्ता सांगितला, दाराची कडी काढून ठेवली आणि नवऱ्याला चालू न देता खुर्चीत बसवलं. एरवी दूधवाल्याशीही अडखळत हिंदी बोलणाऱ्या बाईचं हे अस्खलित हिंदी ऐकून सबनीस दुखणं विसरून क्षणभर बघत राहिले.

अँब्युलन्स आली. तिच्यातल्या पोरगेल्या मदतनिसानं नाडी पाहिली, छातीला तारा लावल्या, कागदावरची रेघ पाहिली आणि फोनवरून एका इस्पितळाला तयारीत राहायला सांगितलं. नाव ऐकताच सबनीस स्ट्रेचरवर उसळले.

"वहाँ नहीं! एकतीस मार्क हैं उसको! लिफ्ट एकच आहे!"

"अंकल, हार्ट की मशीन वहाँ चालू है, डॉक्टर भी बैठा है। दस मिनट का रास्ता है," मदतनीस शांतपणे म्हणाला. "लेटे रहिए, बोलिए मत।"

"पर चाय..."

"चाय आंटी पी लेंगी।"

सायरन वाजला. कुमुदताईंनी सबनिसांच्या तोंडावर हात ठेवला आणि पोचेपर्यंत काढला नाही.

पुढचं सबनिसांना तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पांढरे दिवे, कुणीतरी मनगटापाशी टोचलेलं, पडद्यावर आपल्याच हृदयाच्या नसेची काळी रेघ. संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक नस पूरी बंद थी। सोमवार का इंतज़ार करते, तो सोमवार नहीं आता।"

त्या गेल्यावर सबनीस मान वळवून कुमुदताईंकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "कुमुद, तू घाबरली होतीस?"

"घाबरायला सवड कुठे होती?" कुमुदताई म्हणाल्या. "तुम्ही बोलत होतात ना सारखे."

आणि एवढा वेळ कोरडे राहिलेले डोळे त्यांनी नवऱ्याच्याच चादरीला पुसले.