रियाचा पहिला ख्रिस्तप्रसाद

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी ठरवूनच बाहेर पडले, आता या चर्चमध्ये परत यायचं नाही. आमची रिया नऊ वर्षांची, पण बोलत नाही. तिच्याएवढ्या मुलांची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी चालली होती आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या बाईंनी मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शी इज सो स्वीट, पण तिला प्रश्नांची उत्तरं देता आली की मग बघू." ती उत्तरं कधी देणार? नवरा म्हणाला, "सोड ना, देवाला काय फरक पडतो?" मला पडत होता. वसईत जन्मभर केलेली प्रार्थना इथे अमेरिकेत, चँडलरला येऊन विरली, असं वाटत होतं.

पार्किंगमध्ये रियाला गाडीत बसवताना मला रडू आवरेना. शेजारच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एका मेक्सिकन आजींनी विचारपूस केली. रोझा त्यांचं नाव. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खेड्यातल्या पोस्टमनचा एक मुलगा पोप झाला, पुढे संत झाला, ठाऊक आहे ना? पूर्वी मुलांना या प्रसादासाठी मोठं होईपर्यंत थांबावं लागायचं. त्याने ती रीतच बदलली. ही भाकर आणि घरची भाकर वेगळी, एवढं लेकराला कळलं की पुरे, म्हणाला. चल, फादरांकडे जाऊ."

त्या संताची तसबीर आमच्या घरी होती, पण त्याने कुणासाठी काय केलं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

हॉलमध्ये कॉफी-डोनट चालू होते. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि रियाला एक डोनट दिला. तिने हसत हसत तो फस्त केला. मग ते तिला चर्चमध्ये, प्रसाद ठेवतात त्या पेटीसमोर घेऊन गेले. रिया थबकली. साखरेची बोटं तिने फ्रॉकला नीट पुसली, हात जोडले आणि गुडघ्यांवर बसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"हिला कळतं," फादर म्हणाले. "आणखी काय विचारायचं?"

ईस्टरनंतर रियाने ख्रिस्तप्रसाद घेतला. रोझा आजी आजही दर रविवारी आमच्या बाकावर बसतात. रिया अजून बोलत नाही, आणि ती बोलावी म्हणून मी देवाशी भांडणंही सोडलंय. तिचं आणि त्याचं जे चाललंय, ते माझ्या शब्दांवाचून चालू शकतं. मी फक्त तिला तिथवर घेऊन जाते.