लंगराला कल्हई

अगं, जरा जवळ सरक आणि ऐक. दिवाळीला आलीस ती उंबऱ्यातूनच पळालीस, कपाटावरचं जहाज पाहायचंही तुला सुचलं नाही! ते माझ्या मामेसासऱ्यांचं. मामाजींइतका भित्रा माणूस आख्ख्या पुसदमध्ये झाला नाही. बादली ते अर्धीच भरत, पाणी बसूनच पीत, आणि नदीला पूर आला की घर उंचावर असूनही गाठोडं बांधून तयार. अशा माणसाचा एकुलता एक पोरगा, दिनू, बोटीवर नोकरीला लागला!

सुट्टीवर आला तेव्हा त्यानं परदेशातून एक खोकं आणलं. आत सुट्या भागांचं लाकडी जहाज, आणि लंगर, तोफा, चाक सगळं पांढऱ्या, मऊ धातूचं. "बाबा, मी येईपर्यंत जोडून ठेवा," म्हणून तो गेला. झालं! मामाजींनी मनाशी धरलं, घरचं जहाज नीट तर पोराचं नीट. जहाजाजवळ पाणी नको म्हणून त्या खोलीतून माठ हलला. धातूत शिसं असतं असं कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून ते नाकाला धोतराचा सोगा बांधून कानस चालवत, आणि उठले की मामी त्यांना सरळ न्हाणीत धाडत.

आता आमच्याकडे नवं पितळी भांडं कल्हईशिवाय वापरत नाहीत. मामी म्हणाल्या, "लंगर तं सदा पाण्यात राह्यते. त्याले कल्हई नको का?" नाही केली आणि काही झालं तर? या धास्तीनं मामाजी दोनांतला एक लंगर घेऊन कल्हईवाल्या चाचांकडे गेले. चाचांनी तो सांडशीत धरला, भाता मारला, आणि नवसागर टाकायच्या आत लंगराचा थेंब झाला.

"मामाजी, ये तो खुदच कल्हई निकली!"

मामाजी तिथंच मातीत बसले. "चाचा, आता माह्या पोराची बोट थांबन कायनं?"

चाचा हसले नाहीत. दुसरा लंगर चिकणमातीत दाबून त्यांनी साचा केला, खडखडीत वाळवला आणि तोच थेंब वितळवून ओतला. "रोओ मत. चीज वही है." लंगर निघाला, पण एका अंगानं वाकडा.

रेडिओवर वादळाचं नाव निघालं की मामाजी त्या लंगरावर बोट ठेवून बसत. पुढं दिनू आला, डावा पाय जरा ओढत. बोटीच्या जिन्यावरून घसरला होता एवढंच. मामाजी मात्र शेवटपर्यंत सांगत, "लंगर वाकडा निंगाला ना, बापू."

तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसायची. आता मामाजी नाहीत, जहाज माझ्याकडे आहे. आणि तू त्या समुद्राकाठच्या गावी नोकरीला गेल्यापासून मीही कपाटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवत नाही. लवकर येऊन जा, बाई. चार दिवस तरी तो तांब्या जागेवर ठेवीन म्हणते.