‘ना’च्या जागी ‘चा’

परवा कापराची डबी उघडली आणि तो वास नाकात जाताच माझं डोकं पुन्हा तापलं. स्वाइन फ्लूच्या साथीत आमच्या अवसरीत जो तो कापराची पुडी रुमालात बांधून हुंगत फिरायचा. मीही फिरायचो. शिवाय देवळाबाहेरच्या फळ्यावर रोजच्या बातम्या लिहायचं समाजकार्य मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पेपरात छापलं होतं, ‘मधुमेहींना धोका जास्त.’ मी घाईत लिहिलं, ‘मधुमेहींचा धोका जास्त.’

झालं! आमच्या वहिनींना शुगर आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक. साथीच्या धास्तीनं आधीच त्यांची झोप उडालेली. त्यात गौरीच्या हळदीकुंकवाला दारात चपलांचा एकही जोड दिसेना. नवी साडी नेसून, ताट घेऊन त्या उंबऱ्यात बसून होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खाल्लेली शेजारीण नाकाला पदर लावून समोरून निघाली.

"अगं, येती ना?"

"नको बाई, घरात लेकरं हायेत. फळ्यावर लिवलंय न्हवं!"

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, मला साखर झालीय. मी ती गावात वाटत फिरत न्हाई!"

मी पळत जाऊन ‘चा’ पुसला, ‘ना’ लिहिला. कुणी ढुंकून बघितलं नाही. अडाणी कुठले, म्हणून तेव्हा मी गावाला शिव्या घातल्या. आता वाटतं, एरवी माझ्या फळ्याला हसणाऱ्या गावानं जन्मात एकदाच माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला, आणि वहिनींनी भरलेलं ताट तसंच आत नेलं.